कुंकवाचा ठिपका आणि यंत्राची रंगसंगती

आज आश्विन वद्य त्रयोदशी, धनत्रयोदशी. गाय-वासराची पूजा वसुबारसेला झाली, आज तिन्हीसांजेला दक्षिणेकडे वात करून यमदीप लागेल आणि अभ्यंगस्नानाची मंगल पहाट तर उंबरठ्याशी येऊन उभीच आहे. फराळाचे डबे भरले, आकाशकंदील टांगले गेले. आणि घरोघरी एक जुनाच प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला आहे : यंदा रांगोळीत रंग कोणते भरायचे?

हा प्रश्न पूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारीत. ती ओटीवर बसून रंगांच्या पुड्या पुढे ओढी आणि फारसा विचार न करता सांगून टाकी की जांभळ्याला पिवळ्याची कड दे, तो उठून दिसेल. तांबड्याशेजारी गुलाबी मात्र नको, दोन्ही एकमेकांपुढे मार खातील. हे ज्ञान तिने कोठल्या ग्रंथात वाचलेले नसे. तिच्या सासूने तिला असेच रागावून शिकविलेले असे, आणि त्या सासूला तिच्या सासूने. आज हाच प्रश्न अनेक घरांत भ्रमणध्वनीला विचारला जातो. 'दिवाळी', 'पहाट' असा एखादा शब्द लिहावा, किंवा झेंडूच्या ढिगाचे एखादे छायाचित्र दाखवावे, की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पाच रंगांची पट्टी समोर येते. ती बहुधा सुरेखही असते.

अशा नव्या गोष्टीसमोर भाविक मनाची दोन टोके होतात. कोणाला वाटते, यंत्राला एवढे कळते तर आता आपण डोके कशाला शिणवा! कोणाला वाटते, देवाच्या दारात यंत्राचे काय काम? आम्हांस हे दोन्ही कौल उतावळे वाटतात. जे साधन आपल्या घरात शिरलेच आहे त्याची रीत आधी समजून घ्यावी, त्याचे उपकार मान्य करावेत, आणि मग त्याला कोठवर येऊ द्यायचे ते ठरवावे, हेच विवेकाचे होईल. सणाच्या दिवशी हा विषय काढण्याचे प्रयोजनही तेच आहे.

यंत्राला रंग दिसत नाही, त्याला संख्या दिसतात. पडद्यावरचा प्रत्येक रंग तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने होतो, आणि प्रत्येक प्रकाशाला शून्यापासून २५५ पर्यंत, म्हणजे २५६ पायऱ्या असतात. तिन्हींचा गुणाकार केला की १,६७,७७,२१६ रंग होतात. ही संख्या ऐकून छाती दडपते खरी. पण आपल्या पूर्वजांना तिचे आश्चर्य वाटले नसते. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रकलेचे जे विवेचन आहे आणि जे चित्रसूत्र म्हणून ओळखले जाते, त्यात मूळ रंग पाचच सांगितले असून त्यांच्या मिश्रणातून होणाऱ्या रंगांची गणती करणे अशक्य, असे स्पष्ट म्हटले आहे. अडचण रंगांच्या तुटवड्याची कधीच नव्हती. अडचण आहे ती निवडीची : या अगणितांतून कोणते पाच एकमेकांशेजारी सुखाने नांदतील?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा पहिला मार्ग नियमांचा. भरताच्या नाट्यशास्त्रात नटांच्या रंगभूषेसाठी रंग कसे मिसळावेत हे सांगताना बलवान रंगाचा एक भाग आणि दुर्बळ रंगाचे दोन भाग घ्यावेत, असे प्रमाण दिले आहे. नीळ मात्र सर्वांत बलवान मानली असल्यामुळे तिच्या एका भागास इतरांचे चार भाग सांगितले आहेत. ज्याने कपड्यांना नीळ घातली आहे त्याला हा नियम पटवून द्यावा लागणार नाही. युरोपात न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात लोलकातून निघालेले रंग वर्तुळात मांडून दाखविले. अमेरिकेत अल्बर्ट मन्सेल या चित्रकार-अध्यापकाने १९०५ साली रंगाची छटा, तिचा उजळपणा आणि तिची तीव्रता या तीन मापांनी रंग मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे रंगचक्रावर समोरासमोर असलेले रंग घ्या, किंवा समान अंतरावरचे तीन घ्या, असे साचे चित्रशाळांतून शिकविले जाऊ लागले.

दुसरा मार्ग उदाहरणांचा, आणि यंत्राचे शिकणे, ज्याला आज सर्वत्र 'मशीन लर्निंग' म्हणतात, ते या मार्गाने जाते. यंत्राला नियम सांगायचा नाही. हजारो उदाहरणे दाखवायची, कोणते लोकांना आवडले आणि कोणते नाही हे दाखवायचे, आणि त्यांतला धागा त्याचा त्यालाच शोधू द्यायचा. २०११ साली टोरांटो विद्यापीठ आणि अडोबी या संगणक-आज्ञावलींच्या कंपनीतील संशोधकांनी असाच एक अभ्यास प्रसिद्ध केला. हौशी व व्यावसायिक लोकांनी रचलेल्या पाच-पाच रंगांच्या योजना आणि त्यांना मिळालेली पसंती लाखांच्या संख्येने गोळा करून त्यांनी यंत्राला कोणत्याही पाच रंगांना गुण देण्यास शिकविले. या अभ्यासातली एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. चित्रशाळांतून शिकविले जाणारे रंगचक्राचे ते ठरावीक साचे लोकांच्या प्रत्यक्ष पसंतीशी ताडून पाहिले, तेव्हा त्यांना फारसा आधार मिळाला नाही. नियम जेथे तोकडे पडले तेथे उदाहरणे कामी आली. ओटीवरच्या त्या आजीलाही रंगचक्र ठाऊक नव्हते; तिने रांगोळ्या पाहिल्या होत्या.

मग यंत्र आजीसारखेच शिकते, असे म्हणावे काय? येथेच थोडे खोलात शिरावयास हवे.

छायाचित्रातून पाच रंग निवडण्याची एक जुनी आणि सोपी रीत आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या स्टुअर्ट लॉइड यांनी १९५७ साली वेगळ्याच कामासाठी ती लिहून काढली होती. प्रसिद्ध मात्र ती १९८२ साली झाली. चित्र म्हणजे लक्षावधी सूक्ष्म ठिपके. त्यांतून पाच रंग आधी कसेही निवडावेत. मग प्रत्येक ठिपक्याला या पाचांपैकी ज्याच्याशी त्याचे सर्वाधिक साम्य, त्याच्या गटात बसवावे. प्रत्येक गटाची सरासरी काढून तोच त्या गटाचा नवा मुख्य रंग मानावा, आणि पुन्हा सर्व ठिपक्यांची वाटणी करावी. असे करता करता गट स्थिरावले की ते पाच मुख्य रंग म्हणजे त्या चित्राची रंगसंगती. पंगतीत माणसे आपापल्या ओळखीच्यांकडे सरकत सरकत शेवटी जशी गटागटाने बसतात, तसाच हा प्रकार.

आता या रीतीपुढे एका सुवासिनीचे छायाचित्र ठेवा. मोरपंखी पैठणी, मागे सारवलेली भिंत, काळेभोर केस, सावळा वर्ण, हातात हिरवा चुडा आणि कपाळावर कुंकवाचा ठसठशीत ठिपका. यंत्र पाच रंग काढील : पैठणीचा, भिंतीचा, केसांचा, वर्णाचा, आणि पाचवा बहुधा पैठणीच्याच सावलीतल्या घड्यांचा. कुंकू त्यांत येणार नाही. का? कारण त्याचे ठिपके मोजके. लक्षावधींच्या मोजदादीत ते कोठल्या तरी मोठ्या गटात विरून जातात. पाहणाऱ्याची दृष्टी मात्र सर्वांआधी कुंकवावरच गेलेली असते. चित्रात सर्वांत थोडी जागा ज्याची, त्याच्यावाचून चित्राला अर्थ नाही, ही गोष्ट मोजणाऱ्याला कळत नाही, पाहणाऱ्याला कळते.

या शास्त्रातील जाणकारांना ही उणीव ठाऊक नाही असे नव्हे. २०१३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी माणसांना चित्रे दाखवून त्यांतून हाताने रंग निवडावयास सांगितले आणि त्या निवडींवरून यंत्राला शिकविले; तेव्हा ते नुसत्या मोजदादीपेक्षा माणसाच्या निवडीजवळ अधिक पोहोचले. तात्पर्य, यंत्राला कुंकवाचे महत्त्व कळू शकते. पण ते आपण दाखविले तर.

दुसरी अडचण सरासरीची. समजा, गावातल्या अर्ध्या घरांनी रांगोळीच्या मध्यभागी तांबडा भरला आणि अर्ध्यांनी हिरवा. 'सर्वांच्या निवडीशी तुझे अंतर कमीत कमी राहील असा एक रंग सांग' असे यंत्राला म्हटले तर ते काय सांगेल? संख्यांत पाहू. तांबडा म्हणजे २५५, ०, ०. हिरवा म्हणजे ०, १२८, ०. दोहोंचा मध्य काढला की सुमारे १२८, ६४, ० येतो. हा रंग तपकिरी, मातकट. गावातल्या एकाही घराने तो भरलेला नसतो, तरी गणिताच्या दृष्टीने तोच सर्वांना जवळचा! सर्वांना खूष करू पाहणारा कोणाचाच राहत नाही, ही व्यवहारातली म्हण व्हावी अशी गोष्ट येथे आकड्यांनी सिद्ध होते. २०१६ साली अमेरिकेत बर्कले येथील संशोधकांनी कृष्णधवल छायाचित्रांत रंग भरणारे यंत्र घडविले, तेव्हा आधीच्या प्रयत्नांतले रंग फिके व करडे पडण्याचे एक कारण हेच असल्याचे त्यांनी दाखविले. त्यांनी काढलेला तोडगा मनन करण्याजोगा आहे. चित्रांत जे रंग विरळ आढळतात त्यांना शिकवणीच्या वेळी त्यांनी मुद्दाम अधिक वजन दिले. थोडक्यांची बाजू घेतली, तेव्हा कोठे चित्रे रसरशीत झाली.

आणखी एक युक्ती २०१४ साली मॉन्ट्रियल येथील इयन गुडफेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली. दोन यंत्रे समोरासमोर बसवावयाची. एकाने नमुना रचावयाचा, दुसऱ्याने तो खरा की बनावट हे ओळखावयाचे. ओळखणारे जसजसे चाणाक्ष होते तसतसे रचणारेही सुधारते. मातकट सरासरी आणली की परीक्षक ती तात्काळ नाकारतो, कारण खऱ्या नमुन्यांत तसे काही नसते. पुढे रंगसंगती सुचविणाऱ्या साधनांतही ही युक्ती वापरली गेली. आम्हांस यात आपले ओसरीवरचे दृश्य दिसते : नात रंग भरते आहे आणि आजी मान हलवून 'हे आपल्या घरचे वाटत नाही' म्हणते आहे. फरक इतकाच की यंत्रातल्या परीक्षकाचे 'आपले घर' म्हणजे त्याला दाखविलेल्या चित्रांचा साठा. त्या साठ्यात जे नाही, ते त्याच्या लेखी जगात नाही.

शब्दावरून रंग देण्याचाही प्रयत्न झाला आहे. २०१८ साली कोरियातील संशोधकांनी शब्द आणि त्यांना शोभणाऱ्या पाच रंगांच्या पट्ट्या अशा दहा हजारांहून अधिक जोड्या जमवून यंत्राला शिकविले. शब्द द्यावा आणि त्याची भावना रंगांत यावी, ही कल्पना ऐकून आपल्या वाचकांस भरतमुनींची आठवण होईल. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात आठ रसांना आठ वर्ण दिले आहेत : शृंगाराला श्याम, हास्याला शुभ्र, करुणाला पारव्यासारखा, रौद्राला तांबडा, वीराला गौर, भयानकाला काळा, बीभत्साला निळा आणि अद्भुताला पिवळा. आजच्या कोणत्याही साठ्यात प्रेमाच्या शब्दापुढे तांबडा-गुलाबी येण्याचाच संभव अधिक. भरतांनी मात्र शृंगाराला श्याम वर्ण दिला, कारण त्या रसाची देवता विष्णू. कोणता शब्द कोणत्या रंगाशी बांधावा हे डोळा एकटा ठरवीत नाही. कथा, देवता आणि स्मृती मिळून ठरवितात. ज्या समाजाच्या जोड्या यंत्राला दाखविल्या, त्या समाजाची स्मृती ते उचलते.

या साधनांनी चांगले काही केले नाही असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्याला चित्रशाळेची पायरी चढता आली नाही अशा लहान छापखानेवाल्याला, घरगुती पणत्या रंगवून विकणाऱ्या भगिनीला, मंडळाचा फलक करणाऱ्या कार्यकर्त्याला आता जाणत्याचा सल्ला क्षणात मिळतो. ज्येष्ठांच्या दृष्टीने तर हा मोठाच लाभ आहे. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि गडद निळा व काळा यांतला भेद कळेनासा होतो. पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत छापलेली उत्सवाची कार्यक्रमपत्रिका आजोबांनी हात लांब करून कितीही न्याहाळली तरी वाचता येत नाही, हे आपण पाहतोच. संगणकावरील मजकुरासाठी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत साध्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी निदान ४.५ : १ इतका उजळपणाचा फरक असावा, असे सांगितले आहे. हा हिशेब यंत्र न चुकता करते. देवळाच्या फलकासाठी ते वापरले तर वृद्ध भाविकांचे आशीर्वादच मिळतील.

पण अंगणाची गोष्ट निराळी. पडद्यावरचा रंग हा प्रकाश आहे. रांगोळीचा रंग ही भुकटी आहे. शिरगोळ्याच्या पांढऱ्या पुडीत, किंवा कोकणात भाताची फोलपटे जाळून केलेल्या राखेत मिसळलेला रंग गेरूने सारवलेल्या जमिनीवर पडतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी तो पणतीच्या उजेडात पाहिला जातो. तेलाच्या ज्योतीत पिवळा-तांबडा प्रकाश भरपूर आणि निळा अगदी थोडा. पडद्यावर मोहक दिसलेली निळी-जांभळी जोडी त्या उजेडात काळवंडून जाते, आणि हळदीचा साधा पिवळा सोन्यासारखा झळकतो. येवल्याच्या विणकराने ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घालून विणलेली धूपछाव पैठणी घ्या. पदर हलला की रंग पालटतो. तिला एकच एक आकडा लावणार कसा?

आणि रंगाला काळवेळ असते. काळा रंग घ्या. यंत्राच्या लेखी तो सदैव शून्य, शून्य, शून्य. आपल्या घरात तोच रंग मंगलकार्यात वर्ज्य, मकरसंक्रांतीला चंद्रकळेच्या रूपाने मानाचा, मंगळसूत्राच्या मण्यांत सौभाग्याचा, तान्ह्या बाळाच्या गालावर तीट म्हणून दृष्ट काढणारा. व्रताच्या उद्यापनात सर्वतोभद्र मंडल घालतात त्याच्या पाच रंगांत पांढरा, तांबडा, पिवळा, हिरवा यांच्याबरोबर काळ्याचीही जागा ठरलेली असते. तेथे तो गाळता येत नाही. एकच रंग, पण तिथी बदलली, स्थान बदलले, की त्याचा अर्थ बदलतो. हे सारे यंत्राला शिकविता येणारच नाही असा आमचा दावा नाही. तिथी, सण, रूढी यांचीही नोंद करून देता येईल. प्रश्न शिकविणार कोण, हा आहे. ज्या घरांना हे ठाऊक आहे त्यांनीच रंग निवडणे सोडले, तर शिकवावयास उरणार कोण?

हे भय काल्पनिक नव्हे. २०२४ साली 'नेचर' या विख्यात शास्त्रीय नियतकालिकात ब्रिटन व कॅनडातील संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. यंत्राने निर्माण केलेलेच पुन्हा यंत्राला शिकवण म्हणून देत गेले तर पिढ्यान्‌पिढ्या काय होते, हे त्यांनी तपासले. आढळले असे की जे विरळ, जे कडेचे, ते प्रथम नाहीसे होते. मग उरलेलेही एकसुरी होत जाते. रंगांच्या बाबतीत याचा अर्थ उघड आहे. आज घरोघरी यंत्राच्या पट्टीबरहुकूम रांगोळ्या निघतील, त्यांची छायाचित्रे उद्याच्या यंत्राला शिकवण म्हणून जातील, आणि परवा ते आपल्याला आणखी थोडक्या रंगसंगतींतून निवड करून देईल. कोण्या घरची वडीलोपार्जित शेंदरी-पोपटी जोडी, कोण्या खेड्यातली नुसत्या पांढऱ्या-तांबड्याची ठिपक्यांची रांगोळी ही कोणी मना न करता, कोणाच्या ध्यानीही न येता गळून जाईल. कुंकवाचा ठिपका चित्रातून गळतो तसाच.

येथे आम्ही यंत्राकडेच बोट दाखवून मोकळे झालो तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग नेसण्याची जी प्रथा आज सर्वत्र दिसते, ती वारांच्या आधाराने या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ केली ती आमच्याच व्यवसायातल्या एका मुंबईकर दैनिकाने. आज कित्येकांना ती पुरातन वाटते. तीत आम्हांस गैर काही दिसत नाही. लोकलच्या डब्यात अनोळखी बायका एका रंगाच्या लुगड्यांत एकमेकींकडे पाहून हसतात, हा आनंद खराच आहे. परंतु तिच्यावरून एवढे कळते की एका ठिकाणाहून निघालेली रंगांची यादी अल्पावधीत लक्षावधी घरांची परंपरा होऊ शकते. वर्तमानपत्राची यादी निदान छापील होती, एक होती, आणि ती कोणी काढली ते कळत होते. यंत्राची यादी ज्याच्या त्याच्या हातात गुपचूप येते आणि ती माझीच निवड आहे असे वाटावयास लावते. नवरात्रात सर्वांनी एकरंगी होण्यात शोभा आहे; दिवाळीत प्रत्येक दार निराळे दिसण्यात शोभा आहे. दोहोंची गल्लत होऊ नये.

मग करावे काय? आम्ही भ्रमणध्वनी दूर ठेवा असे सांगत नाही. ज्या लेकीसुनांना दिवसभर नोकरी करून, रात्री करंज्या तळून, पहाटे रांगोळी घालावयाची आहे त्यांना कोणी यंत्राची मदत घेतल्याबद्दल बोल लावू नये; बोल लावणाऱ्याने स्वतः एक रांगोळी घालून दाखवावी. आमचे मागणे अल्प आहे. यंत्राने पाच रंग दिले तर चार खुशाल घ्यावेत. पाचवा मात्र आपल्या घरचा असावा. तो कोणता हे घरातल्या वृद्ध व्यक्तीला विचारावे, आणि 'हाच का?' हेही विचारावे. उत्तर कदाचित 'माझ्या आईच्या दारात असाच असे' एवढेच येईल. तेवढे पुरे आहे. ते उत्तर लहान मुलांनी ऐकावे, आणि हौस असल्यास रांगोळीच्या छायाचित्राबरोबर लिहूनही ठेवावे. दृष्टी ही वारशाने मिळणारी वस्तू नाही. ती शेजारी बसून, चुकून, रागावून घेऊन कमवावी लागते. ओसरीवरचा तो अर्धा तास गेला तर यंत्र कितीही सुधारले तरी तो परत आणून देऊ शकणार नाही.

उद्या-परवा लक्ष्मीपूजन होईल. त्या दिवशी आपण नव्या केरसुणीला लक्ष्मी मानून हळद-कुंकू वाहतो. तीच केरसुणी सकाळी आदल्या दिवशीची रांगोळी झाडते, आणि सुपलीत गोळा होतो तो सर्व रंगांचा मिळून एक मातकट ढीग. सगळ्या रंगांची सरासरी आपली घरे अशी रोज पाहत आली आहेत, आणि ती रोज बाहेर टाकून देत आली आहेत. मग जमीन पुन्हा सारवली जाते, चिमटीत पुन्हा पांढरी भुकटी येते, आणि कोरे अंगण पुन्हा विचारते : आज रंग कोणते?

त्या प्रश्नाचे उत्तर देताना यंदा आपल्या घरातले एक तरी माणूस क्षणभर थांबो, पुड्यांकडे पाहो, आणि आपल्या हाताने एक पुडी उचलो. तो रंग रांगोळीत ठिपक्याएवढाच असला तरी चालेल. आमच्या सर्व वाचकांस ही दीपावली सुखाची, आरोग्याची आणि ज्याच्या त्याच्या अंगणाच्या रंगाची जावो.